नळाची चावी

“घरात नळ असताना तू विहिरीवर जातेस?” लोहारानं घण दाणकन खाली टेकवला. “गाव विचारतंय मला, पाणी येतं का नुसताच खांब पुरलाय म्हणून! नाक कापलंस माझं.”

बायको भरली घागर घेऊन तशीच उभी राहिली.

“दैव देतं नि कर्म नेतं, म्हणतात ते खोटं नाही. उद्यापासून उंबऱ्याबाहेर पाऊल पडता कामा नये.”

नळ त्यानं हौसेनं बसवला होता. शेजारणींनी येताजाता भांडी भरून नेऊ नयेत म्हणून चावीही स्वतःच घडवली, काढून ठेवता येईल अशी. रात्री ती दारच्या चौकटीला खिळ्यावर टांगलेली असायची. चावी नसली की थेंब नाही. “आता बस राणीसारखी,” म्हणाला होता. आणि ती बसली. आठ दिवस बरं वाटलं. मग झोप उडाली. भाता फुसफुसला की आपल्याच छातीवर कुणी बसलंय असं वाटायचं. एके दिवशी तर आमटी जरा लागली, तेवढ्यावरून तिनं पळी भिंतीवर भिरकावली आणि स्वतःच दचकली. दुसऱ्या सकाळी रिकामी घागर उचलून ती गुपचूप टेकाडापलीकडच्या विहिरीवर गेली. त्या रात्री तिला झोप लागली. मग रोजच जायला लागली.

ते आता बंद झालं.

ती अंगणातच चालून बघायला लागली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बावीस पावलं. वळायचं, पुन्हा बावीस. पत्रा तापलेला, जमिनीला भेगा, वारा म्हणून नाही. घाण्याचा बैल तरी तेल काढतो, तिचं नुसतं डोकं गरगरायला लागलं. ती मटकन खाली बसली आणि डोळ्यांना पदर लावला.

“काय ठेवलंय गं त्या विहिरीवर?” दारातल्या बाजेवरून सासूनं विचारलं. गुडघे गेल्यापासून सहा वर्षं म्हातारी त्या चौकटीत होती. नेमाची बाई. सकाळी जप पुरा होईपर्यंत तोंडातून शब्द काढायची नाही, आणि खोटं तर दिवसभरात कधीच बोलायची नाही.

“विहिरीवर काही नाही, आत्याबाई. वाटेवर आहे.” सुनेनं नाक पुसलं. “चढाला दम लागला की आधी राग जातो. माथ्यावर वारा लागतो. भरली घागर घेऊन ढेकळांतून उतरायचं, तर सगळं ध्यान पायांत. मेलं डोक्यात दुसरं काही राहतच नाही. घरी येते ती धुतल्यासारखी. सुख दुखतंय मला, असं म्हणाल तुम्हीही.”

म्हातारीनं आपल्या गुडघ्यांवरून हात फिरवला.

“पाय गेले तेव्हा मी सगळ्यांवर खेकसायला लागले,” ती हळूच म्हणाली. “लोक म्हणाले, वय झालं. मलाही तसंच वाटलं बघ. वाहतं पाणी नितळ राहतं, बाई. साचलं की शेवाळ.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच अंगणातून आरडाओरडा.

“चावी कुठंय? नळाची चावी कुणी नेली?”

सून धावत आली. चौकटीचा खिळा रिकामा, नळाच्या खांबाला नुसता खुंटा. लोहारानं कोनाडे पालथे घातले, सरपण उपसलं, शेजारणीच्या नावानं बोटं मोडली.

“आई, तू पाहिलीस का?”

म्हातारीचे डोळे मिटलेले. ओठ हलत होते, बोटांतून माळेचे मणी सरकत होते. ती जरा जास्तच ताठ बसली होती आणि जपाची पिशवी आज तिनं मांडीखाली घेतली होती.

“तिचा जप चाललाय,” सून म्हणाली. तिला हसू आवरेना.

“मरू दे. दुसरी घडवतो.” लोहार भट्टीकडे वळला आणि थबकला. लोखंड विझवायची डोणी ठणठणीत कोरडी. तेवढ्यात दारात एक शेतकरी मोडका फाळ घेऊन उभा. “लोहारदादा, बैल जुंपून आलोय. किती वेळ?”

लोहारानं डोणीकडे पाहिलं, खुंट्याकडे पाहिलं.

“बघत काय उभी राहिलीस?” तो बायकोवर ओरडला. “जा, दोन घागरी आण विहिरीवरून!”

दोन नाही, तिनं तीन खेपा केल्या. चढाला पोटऱ्या भरून आल्या, माथ्यावर वाऱ्यानं पदर उडाला, उतरताना ती मोठ्यानं गुणगुणली. तिसरी घागर डोणीत रिती झाली तेव्हा उन्हं पत्र्यावर आली होती. म्हातारीनं माळ डोळ्यांना लावली. जप पुरा झाला होता.

“आई, आता तरी सांग. चावी सापडेल का?”

“सापडेल की,” म्हातारी शांतपणे म्हणाली. “उन्हं इथवर आली की रोज सापडेल.”

लोहार आईकडे बघतच राहिला. मग बायकोच्या लाल झालेल्या, हसऱ्या तोंडाकडे. शेवटी त्यानं फाळ भट्टीत घातला.

सुनेनं सासूच्या पायांवरची घोंगडी सारखी केली. त्या घोंगडीखाली म्हातारीचे पाय, एकामागून एक, हळूहळू हलत होते.