हाकेला ओ

सॅक्सोफोन वाजवणाऱ्या लेम गॅडसनची ती रेकॉर्ड निघाली तेव्हा ओळखीपाळखीच्यांनीच काय ती विकत घेतली. सहा वर्षांनी मात्र शिकागोपासून टोकियोपर्यंत सॅक्सोफोन शिकणारी पोरं तिच्यावर पोसली जात होती. त्यातल्या मोकळ्या जागांवर तर जो तो फिदा. लेम एक ओळ वाजवतो आणि थांबतो. पियानो नाही, ड्रम नाही, काही नाही. मग पुढची ओळ. 'शांततेचा नवा विचार' असं जाणकारांनी लिहिलं. लिहिणाऱ्याचा हात कोण धरणार!

खरी गोष्ट वेगळीच होती. लेमचे वडील होझिया फिलाडेल्फियातल्या एका लहानशा चर्चमध्ये भजन सांगायचे. ते एक ओळ झरझर म्हणत, मग सगळी मंडळी तीच ओळ लांबवत, हेलकावत परत गात. दक्षिणेतल्या कॅरोलायनातून आलेली जुनी रीत. तेव्हा भजनांची पुस्तकं कुणाकडे होती? लेमला रेकॉर्डवर तेच हवं होतं. त्याने सांगायचं, बाकीच्यांनी ओ द्यायची. स्टुडिओत त्याने घसा फोडून समजावलं. पियानोवाल्या वेंडेलने सुरेख सूर पेरले, नको इतके सुरेख.

"अरे, माणसं गातायत असं वाटू दे. म्हाताऱ्या बाया, कुणी पुढे, कुणी मागे."

"मी कॅथलिक घरातला, बाबा रे. आमच्यात म्हाताऱ्या गप्प बसतात."

संध्याकाळ होत आली तसा लेम वैतागला. "जाऊ दे. तिथे कुणीच वाजवू नका."

आणि नेमकं तेच गाजलं. फक्त होझियांनी ते ऐकलं नव्हतं. 'गुत्त्यातलं वाजप माझ्या घरात नको,' असं त्यांनी पोराला मिसरूड फुटायच्या आधीच बजावलं होतं, आणि त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. घरी जाताना लेम रेकॉर्ड बॅगेत घालायचा आणि तशीच परत आणायचा. जगाची वाहवा त्याला गोड लागत नव्हती ती एवढ्यासाठीच.

एका रविवारी तो पोचला तर चर्चची वेळ असूनही वडील कोट घालून स्वयंपाकघरात बसलेले.

"बाबा, गेला नाहीत?"

"नव्या पाद्रीबुवांनी ऑर्गन आणलाय. माझं गाणं गावठी म्हणे. मागच्या रविवारी मी ओळ सांगितली, तर एकानेही तोंड उघडलं नाही." मग त्यांनी लेमच्या बॅगेकडे बोट केलं. "ती तुझी तबकडी आहे का जवळ? लाव."

लेमने बॅगेतून रेकॉर्ड काढली. आईच्या जुन्या ग्रामोफोनवर पहिली ओळ वाजली आणि होझियांनी मान वर केली. आपल्या भजनाची चाल त्यांनी ओळखली होती. मग मोकळी जागा. दुसरी ओळ. पुन्हा काही नाही.

"थांबव ते."

लेमने सुई उचलली. संपलं, असं त्याच्या मनात आलं.

"इतक्या हाका मारतोयस," होझिया म्हणाले, "आणि कुणीच ओ देत नाही?"

मासिकांत छापून आलेली सगळी उत्तरं लेमला पाठ होती. ती बाजूला सारून तो खरं तेच बोलला.

"कुणाला येतच नव्हतं, बाबा."

"मला येतं ना. मला का नाही बोलावलंस?"

"तुम्ही आला असतात?"

होझियांनी अगदी प्रामाणिकपणे विचार केला.

"नसतो आलो," ते म्हणाले. "पण बोलवायचं तरी होतंस."