बाईसाहेबांच्या तसबिरी

ड्रोमकाराची हवेली जाळायला आमचीच आयरिश बंडखोर पोरं आली. इंग्रजांची फौज तिथे तळ ठोकणार अशी बातमी होती. हवेली जळाली याचं मला दुःख नाही. नऊ वर्षं मी तिथल्या शेगड्या पेटवल्या, राख उपसली. माझा राग वेगळाच आहे.

जूनची संध्याकाळ होती, चांगला उजेड होता. पोरांचा म्होरक्या माझा चुलतभाऊ मॉसी. टोपी काढून तो लेडी कॉपिंगरना म्हणाला, "पाव तास देतो, बाईसाहेब."

"पाव तासात काय होतंय? आधी जिन्यातल्या तसबिरी उतरवा. आणि बूट पुसून आत या."

बंदुका भिंतीला टेकवून सगळ्यांनी बूट पुसले. जी हवेली जाळायची, तिच्याच पायपुसण्यावर.

तसबिरी, चांदीची भांडी, घड्याळं हिरवळीवर येऊ लागली. "सांभाळून रे, आजोबांचं नाक खरचटेल," असं बाईसाहेब म्हणायच्या आणि हे "होय, बाईसाहेब" म्हणायचे.

माझी पेटी वर, मोलकरणींच्या खोलीत होती. तिच्यात मावशीने पाठवलेलं बोस्टनच्या बोटीचं तिकीट होतं. गुरुवारी निघायचं होतं. मॉसीने मला मागच्या जिन्यावर अडवलं.

"वर रॉकेल ओतलंय. कुठे चाललीस?"

"माझी पेटी आणते. तिकीट आहे तिच्यात."

"मी आणवतो कोणाकडून तरी. बाईसाहेबांचा पियानो दारात अडकलाय, तेवढा निघू दे."

पियानो निघाला. तोवर कुणीतरी वर काडी लावली होती आणि आग खालच्या खिडक्यांपर्यंत उतरली होती.

मॉसीने खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "जाऊ दे, डेलिया. तू आपली आहेस, तू समजून घेशील."

मी आजोबांची तसबीर उचलली. याच म्हाताऱ्याने दुष्काळात भाडं थकलं म्हणून माझ्या आजीच्या घराचं छप्पर पाडलं होतं. मी ती पेटत्या खिडकीतून आत भिरकावली.

दोघांनी माझे दंड धरले.

"वेड लागलं का तुला?" मॉसी खेकसला. "दुसऱ्याची वस्तू आहे ती."

"तुझ्यामागे काय जळतंय, तेही दुसऱ्याचंच ना रे?" मी म्हणाले.

त्याने पुन्हा टोपी काढली, माझ्यासाठी नव्हे. "माफ करा, बाईसाहेब. पोर बिथरलीय."

"तिला उरलेल्यांवर ताडपत्री घालायला सांग," त्या म्हणाल्या. "दव पडेल."

मी घातली नाही. मॉसीनेच घातली, चारी कोपरे नीट दाबून. बोट गुरुवारी वेळेवर सुटली.