परत आलेला डबा

अठ्ठ्याण्णव साली मलकापूरजवळच्या आमच्या गावात मी अंगणवाडी चालवायची. त्या वर्षी मक्याच्या पिठाची पोती आली. पीठ ताकदीचं, पोरांच्या अंगी लागणारं. पण आमच्याकडे मका म्हणजे म्हशीचं खाणं. लोकांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

सगळ्यात हट्टी पारूबाई. त्यांची दोन वर्षांची नात अनुजा काट्यावर साडेसहा किलो भरायची. आई बाळंतपणात गेलेली, बाप इचलकरंजीत मागावर. पोर चहा-बिस्किटावर जगत होती. असंच चाललं तर पावसाळा काढणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मी रोज लापशीचा डबा बौद्धवाड्यात न्यायची आणि पारूबाई तो तसाच परत करायच्या. मला त्यांचा भयंकर राग यायचा.

एकदा त्यांनी मला बसवून घेतलं. लहानपणी त्या माझ्या सासरच्याच गोठ्यात शेण काढायच्या. मजुरी म्हणून म्हशीच्या आंबोणातला मका ओंजळीत मिळायचा. छप्पन साली बापानं दीक्षा घेतली आणि त्या दिवसापासून ते खाणं बंद केलं.

"खरं सांगा बाई," त्या म्हणाल्या, "तुमच्या घरात हे माणसं खात्यात?"

"खातो की," मी म्हणाले. साफ खोटं. पोरीच्या जिवासाठी चालतंय, असं वाटलं.

 मग पारूबाई म्हणाल्या, उद्या पोरीला घेऊन तुमच्या घरी येते. तुम्ही खाल तेच ती खाईल.

सकाळी मी तूप घालून लापशी केली, सोप्यात ताटल्या मांडल्या आणि पुढच्या दाराकडे डोळे लावून बसले. पारूबाई मात्र लहानपणीच्या सवयीनं मागच्या, गोठ्याच्या वाटेनं आल्या. पुढच्या दारानं या, एवढं सांगायचं मला सुचलं नव्हतं.

गोठ्यात सासूबाई रोजच्यासारखा कालचा डबा म्हशीपुढच्या पाटीत ओतत होत्या. परत आलेली लापशी फुकट जाऊ नये म्हणून ही रीत मीच लावली होती.

मी धावत गेले तेव्हा कडेवरची अनुजा त्या पाटीकडे हात पसरून रडत होती. पारूबाईंनी तिचा हात पदरात घेतला.

"डबा वळखला मी," त्या म्हणाल्या आणि वळल्या.

श्रावणात अनुजा गेली.

तेव्हापासून मी रोज सकाळी मक्याची लापशी खाते, पुढच्या पायरीवर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. पारूबाई या वाटेनं येत नाहीत.