आधी खळखळू द्या

मित्रांनो, मला डबा म्हणतात, पण माझ्या पोटात कधी जेवण गेलं नाही. मी लशींचा निळा डबा. कारखान्यात माझ्या जाड भिंतींत फेस भरला आणि एकच काम सांगितलं : बाहेर कितीही तापू दे, आत गारवा राख.

बारा वर्षं मी सुईताईच्या खांद्यावर फिरलो. ती नर्स, हे नाव पोरांनी ठेवलेलं. रोज सकाळी ती फ्रीजरमधल्या बर्फाच्या चपट्या बाटल्या टेबलावर मांडायची, त्यांना घाम फुटू द्यायची आणि एकेक कानाशी हलवायची. आत पाणी खळखळलं की मगच माझ्यात ठेवायची. लोक हसायचे. "ताई, बर्फाशी गुजगोष्टी का?"

एके दिवशी वरचे साहेब आले. उशीर झालेला, टोचलेल्या बाळांचा आकडा भरायचा. त्यांनी दगडासारख्या बाटल्या सरळ माझ्यात कोंबल्या.

"अहो, खळखळू तरी द्या!"

"जास्त गार, जास्त चांगलं. चला!"

झाकण असं आपटलं की काठाला चीर गेली. माझ्या पोटात थंडीचा काटा रुतत होता, आणि ओरडायला मला तोंड नव्हतं.

शाळेच्या वर्गात बावीस आया बसल्या होत्या. पहिली शिवणकारखान्यातली. मांडीवर चौदा आठवड्यांची लेक, घटसर्पासकट पाच रोगांवरच्या लशीचा तिसरा डोस घ्यायला आलेली.

"मागच्या खेपेला ताप आला होता हो. देऊ का?"

"आकडी आली? अंगावर पित्त उठलं, श्वास कोंडला?"

"नाही. नुसती रात्रभर किरकिर."

"मग घाबरू नकोस. तसा ताप येतो नि जातो."

ताईनं माझं झाकण उघडलं आणि तिचा हात थांबला. कोपऱ्यातली कुपी गोठून दगड झाली होती. बाकीच्या पातळ दिसत होत्या, पण गोठून वितळल्या असल्या तर?

"कुपीवरचा चौकोन पांढरा आहे ना? टोचा!" साहेब म्हणाले.

"तो चौकोन उन्हाची चहाडी करतो, साहेब, तापलं की काळवंडतो. गारठ्याची नाही."

तिनं गोठलेली कुपी मुठीत धरून वितळवली. मग ती आणि तिच्याच खोक्यातल्या बाकीच्या कुप्या हलवून टेबलावर ओळीनं उभ्या केल्या. चांगली लस बराच वेळ दुधाळ राहते. गोठलेली बिघडते, तिचा गाळ भराभर तळाशी बसतो. बाळं रडत होती, साहेब घड्याळ बघत होते. ताई वाकून कुप्यांकडे बघत राहिली.

एकीचा गाळ बसला. दुसरीचा बसला. सगळ्यांचाच बसला, त्या गोठलेल्या कुपीइतकाच भराभर.

"ही देणार नाही."

"कार्डावर शिक्का मारा नि मोकळ्या व्हा. कोणाला कळणार आहे?"

"घटसर्पाला कळेल, साहेब."

मग शिवणवाली भडकली. "एक दिवसाची रजा मिळाली होती. परत कोण देणार? तुम्ही?"

"मीच तुझ्या दारात येते. पोलिओचे थेंब आज पाजून घे, त्यांना गोठण्याचं भय नाही. गोवराची लसही शाबूत आहे, ज्यांची पाळी असेल त्यांनी घ्या."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई मला चिरलेल्या झाकणावर फडकं बांधून शिवणवालीच्या दारी घेऊन गेली. सुई लागली तशी पोरगी अशी किंचाळली की शेजारीण धावत आली. आई रडत रडत हसली. माझ्या आयुष्यात त्याहून गोड आवाज मी ऐकला नाही.

ती माझी शेवटची फेरी. आता मी कपाटावर पडून असतो. पोटात जुनी कार्डं आणि झुरळं. साहेबांना बढती मिळाली. मिळणारच!

मित्रांनो, तुमच्या घरातलं बाळ टोचायला नेलंत की डब्याकडे बोट दाखवून विचारा, "बर्फ खळखळला होता का?" ताई रागावणार नाही. साहेब रागावले, तर रागावू देत.