दोनदा वाजलेली घंटा

भूगोलाच्या बाईंची वर्षभर तारेवरची कसरत चालली होती. समोर बाकांवर बत्तीस मुलं आणि भिंतीवरच्या पडद्यावर घरी बसलेली पाच. पडद्यावरची पोरं डुलक्या काढतात, म्हणून त्या पाचांना रोज नाव घेऊन एकेक प्रश्न विचारायचाच, हा बाईंचा नियम. बाकांवरच्यांचं काय, हात वर करतील ते बोलतील. आपल्याला वर्गातलं पोर न पोर पाठ आहे, असं त्या स्टाफरूममध्ये छातीठोकपणे सांगत.

पाचांतली सगळ्यात हुशार म्हणजे पाय मोडलेली एक मुलगी. मागे पांढरी भिंत आणि उत्तर कायम तयार. प्लास्टर निघायची तारीख केव्हाच उलटली होती, पण 'अजून दुखतंय' म्हणाली की बाई विरघळायच्या. आज मुख्याध्यापकांनी निक्षून बजावलं होतं, की उद्या ती वर्गात दिसली नाही तर गैरहजेरी लागेल. तास संपता संपता बाईंनी तिला तसं सांगितलं.

तिचा चेहराच उतरला. एरवी ती घंटेआधी न चुकता स्वतःचा आवाज बंद करायची, आज विसरली. मधल्या सुट्टीची घंटा झाली. शिपाईकाकांचे ठरलेले तीन लांब ठोके आणि एक घाईचा. मागोमाग तेच चार ठोके पडद्यातून आले.

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. हिचं घर तर बसने तासभर लांब!

शाळेत कोरी भिंत एकाच खोलीला होती. बाई धापा टाकत वर गेल्या आणि खेळाच्या सामानाच्या खोलीचं दार ढकललं. गणवेश घातलेली ती पोर गादीवर बसली होती, समोर चेंडूला टेकवलेला मोबाईल. बाईंना बघून ताडकन उभी राहिली, दोन्ही धडधाकट पायांवर.

घरच्यांना वाटत होतं ती वर्गात आहे, वर्गाला वाटत होतं ती घरी. हे दीड महिना चाललं होतं. बाई रागवायला म्हणून आल्या होत्या. पण वर्गात कुणी त्रास देतं का, एवढंच त्यांनी विचारलं.

"नाही, बाई. दोन वर्षं तिसऱ्या बाकावर होते मी. तुम्ही एकदाही मला काही विचारलं नाहीत." मग ती खाली बघत म्हणाली, "इथे रोज विचारता."

बाईंनी तिसरा बाक आठवून पाहिला. काही केल्या त्यावर ही पोर दिसेना. दिसत होती ती फक्त पांढरी भिंत.

"उद्या कुठे बसू, बाई?" तिने विचारलं.