माझ्या रडक्या चेहऱ्यावर ठेवलेलं बोट

मित्रांनो, तुम्ही मला ओळखणार नाही. मी एक जुनी लाकडी पाटी आहे. पाटी म्हटल्यावर तुम्हाला अक्षरे आठवतील, पण माझ्या अंगावर एकही अक्षर नाही. आहेत ते फक्त पाच चेहरे. एका टोकाला खदखदून हसणारा, दुसऱ्या टोकाला रडणारा आणि त्यांच्या मधे तिघे.

बेळगावात, खासबागेत यल्लाप्पा पेंटर दुकानांचे फलक रंगवत. मला त्यांनीच रंगवले. रंगवता रंगवता त्यांनी माधवीताईंना विचारले, "मॅडम, ह्यो रडका कशाला ओ? ल्हान पोरांसाठी हाय न्हवं?"

"पोरांसाठी आहे म्हणूनच हवा," ताई म्हणाल्या. "रडायला जागाच ठेवली नाही, तर हसणारा खरा की खोटा हे कसं कळणार?"

माधवीताई एका दवाखान्यात समुपदेशक होत्या. अपघातात मेंदूला मार बसलेली मुले घरी गेल्यावरही अधूनमधून तिथे तपासणीला येत. जखम भरली का, हातपाय चालतात का, हे डॉक्टर पाहत. त्या मुलांचे जगणे कसे चालले आहे, हे ताई पाहत. घरी कसं वाटतं? शाळेत? मैत्रिणींबरोबर? मार बसल्यामुळे काही मुलांना शब्द लवकर सापडत नसत. कुणी मराठी बोले, कुणी कन्नड. माझ्या चेहऱ्यांना कोणतीच भाषा लागत नव्हती. मूल बोट ठेवी, ताई ते टिपून घेत आणि पुढच्या खेपेला बोट कुठे सरकले ते पाहत. बाहेरगावचे डॉक्टर आले की मला हातात घेऊन माझे कौतुक करत. मला मात्र त्या बोटांचीच ओढ होती. कोमट, घामेजलेली, कधी बिस्किटाचा चुरा लागलेली बोटे.

त्यांतले एक बोट आरोहीचे होते.

आरोही जांबोटीची. जांभळे काढायला झाडावर चढली आणि फांदी मोडली. बरेच दिवस ती शुद्धीवर नव्हती. मग उठली, चालू लागली, बोलूही लागली, पण एकेक शब्द शोधत. गलका झाला की तिचे डोके ठणके. तिची शाळा बंदच होती. तिची आई जयाबाई तिला बसने घेऊन आली, तेव्हा दोघींच्या चपला लाल चिखलाने माखल्या होत्या.

"आक्का, आधी तुम्ही सांगा," ताई म्हणाल्या. "आरोहीला कसं वाटत असेल?"

जयाबाईंनी प्रत्येक प्रश्नाला हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवले. "पोरगी हाताला लागली, मॅडम. आता काय बी कमी पडू देत न्हाय आमी तिला."

मग आरोहीची पाळी आली. घरी? बोट हसऱ्यावर. मैत्रिणींबरोबर? बोट माझ्यावरून सावकाश फिरत गेले आणि रडक्या चेहऱ्यावर थांबले.

जयाबाई गडबडल्या. "तिला कळलं न्हाय ओ. परत इचारा."

ताईंनी परत विचारले. बोट तिथेच गेले. या वेळी ते जास्त जोराने दाबलेले मला जाणवले.

"का गं, आरोही?" ताईंनी एवढेच विचारले. जयाबाई बोलू लागल्या, तशी ताईंनी हातानेच त्यांना थांबवले. आरोहीचे ओठ हलत होते. शब्द यायला वेळ लागला.

"समीक्षा... शाळेला जाताना... हाक मारत न्हाय. आमचं दार आलं की... सगळ्या गप व्हत्यात."

जयाबाईंचा चेहरा उतरला. "मीच सांगिटलं त्या पोरींस्नी," त्या हळूच म्हणाल्या. "आवाजानं हिचं डोकं दुखतंय. त्यांच्या मागं लागून परत कुठं पडली तर?"

आरोहीने आईकडे पाहिले. "पावलं ऐकू येत्यात, आई."

जयाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. रागावण्यासारखे कुणीच नव्हते. मायेपोटीच त्यांनी ते दार बंद केले होते.

ताईंनी त्यांना समजावले. एका वेळी एकच मैत्रीण येऊ दे. थोडा वेळ बसू दे. शाळा आधी अर्धाच दिवस करा, बाईंशी मी बोलते.

पुढच्या खेपेला आरोही आली, तेव्हा तिच्याबरोबर समीक्षाही आली होती. शाळेच्या प्रश्नाला आरोहीने बोट रडक्याच्या शेजारी ठेवले. पाढे डोक्यात राहत नव्हते. पण मैत्रिणींचे विचारल्यावर तिने समीक्षाकडे पाहिले आणि बोट हसऱ्याच्या अगदी जवळ नेले.

"आणि घरी?"

बोट मधल्या चेहऱ्यावर आले. जयाबाई दचकल्या. "आता गं काय झालं?"

"तू आता... परत वरडतीस," आरोही म्हणाली.

ताई हसल्या. "आक्का, वाईट वाटून घेऊ नका. इतर मुलींसारखीच ती आता तुमच्यावर रुसायला लागली." मग जयाबाईही हसल्या, डोळे पुसत पुसत.

त्यानंतर आरोही दोन-चार वेळा आली आणि मग यायची थांबली. आजही तिला पाढे अडतात की नाही, मला माहीत नाही. दवाखान्यात काचेची नवी पाटी आली. तिच्यावर चेहरे उजळतात, आवाजही येतो. मी कपाटात गेले. माझी तक्रार नाही. कुठल्याच मुलाला माझी गरज पडू नये, हेच मला हवे आहे. आणि तरी कपाटाचे दार वाजले की वाटते, एखादे बोट आपल्यावर टेकेल.

मित्रांनो, तुमच्या वर्गात कधीतरी असे एखादे मूल मोठ्या आजारातून किंवा अपघातातून परत येईल. वरून ते अगदी बरे दिसेल. "बरी झालीस ना?" असे विचारून पुढे पळू नका. "कसं वाटतंय तुला?" असे विचारा, आणि शेजारी बसा. उत्तर यायला वेळ लागेल. तेवढे थांबा.