अतिरिक्त माणसं

आमच्या शाळेत सात माणसं जास्त आहेत, हे मला सरकारकडूनच कळलं. मी या शाळेची मुख्याध्यापिका. इतकी वर्षं उगाच समजत होते की माणसं कमी आहेत.

आधी शिपाई निवृत्त झाला, आणि त्याची जागा भरायची नाही असं वरून आलं. मग चित्रकलेचे सर गेले, मग ग्रंथपाल. दर पत्रात 'काटकसर' हा शब्द असायचा आणि दर वेळी तो वाचून माझं डोकं फिरायचं. शेवटी सहा वर्गांना आम्ही चार शिक्षक उरलो. एका खोलीत शिकवायचं आणि दारातून दुसऱ्या खोलीतल्या पोरांवर डोळे वटारायचे, अशी शाळा चालली होती.

मग पालकांनीच, कुणी न सांगता, पाळ्या लावून घेतल्या. तिसरीतल्या एका मुलीचा बाप प्लंबर आहे. तो कामावर जाण्याआधी शाळेचे नळ आणि दारांच्या कड्या बघायचा. पाचवीतल्या जुळ्यांची आई घरी शिवणकाम करते. ती मशीन बंद करून यायची आणि ग्रंथालय उघडायची. एक आजी पहिलीच्या वर्गात बसून पोरांकडून वाचून घ्यायच्या. पोरगं अडलं की पुढची गोष्ट त्या स्वतःच सांगून मोकळ्या व्हायच्या, त्यामुळे मुद्दाम अडणारी पोरं बरीच होती. आणखी चौघं झाडलोट, घंटा, फाटक असं काही ना काही बघायची. मी कधी कुणाचे आभार मानले नाहीत. एकदा मानले होते, तर आजी दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

अशात तपासनीस साहेब आले. त्या दिवशी व्हरांडा नुकताच धुतला होता आणि साहेबांचे बूट नवे होते. म्हणून ते चवड्यांवर चालत, प्रत्येक खिडकीतून डोकावत पुढे गेले. जिथे बघावं तिथे एक मोठं माणूस कामात. नळाशी बसलेल्या प्लंबरला त्यांनी विचारलं, "किती वर्षं झाली इथे?"

"तिसरं चालू आहे, साहेब. मुलगी पहिलीत आली तेव्हापासून."

साहेबांनी या उत्तराचा पहिला भाग टिपून घेतला आणि दुसरा ओल्या व्हरांड्यावर सोडून दिला. जाताना मला म्हणाले, "तुमची शाळा अगदी भरलेली वाटते." मी मूर्ख, फुलून गेले. त्या संध्याकाळी सगळ्या शिक्षकांना चहा पाजला.

त्या चहाचं फळ म्हणजे पुढच्या महिन्यात आलेला आदेश. शाळेत सात अतिरिक्त कर्मचारी आढळले, सबब शिक्षकांच्या दोन जागा रद्द. दोनच शिक्षकांची शाळा चालवणं परवडत नाही, सबब ती एका खासगी कंपनीकडे सोपवण्यात येईल. आणि त्या सात जणांनी येत्या सोमवारी समायोजनासाठी, म्हणजे दुसरीकडे नेमणूक घेण्यासाठी, मुख्य कार्यालयात हजर राहावं.

जागा जाणार म्हणजे सर्वांत नव्या माणसाची आधी जाणार, आणि सर्वांत नव्या आमच्या गणिताच्या बाई. घरात कमावणाऱ्या त्या एकट्या. त्यांनी आदेश दोनदा वाचला, घडी घातली आणि हळूच विचारलं, "बाई, आजचा तास घेऊ ना?"

"घ्या," म्हटलं, आणि खिडकीकडे तोंड केलं.

मी फोन केला. तिकडून सांगितलं, लेखी कळवा. मी लेखी कळवलं की ही माणसं कर्मचारी नाहीत, पालक आहेत. उत्तर एका ओळीचं आलं: आदेशाचे पालन करावे. ते वाचलं आणि माझा राग एकदम थंड पडला. माझा राग थंड पडला की माझे यजमान मुकाट्याने बाहेर फिरायला जातात.

ठीक आहे, म्हटलं. करू पालन.

सोमवारी बाकीच्या पालकांनी वर्ग सांभाळले आणि मी सातही जणांना घेऊन मुख्य कार्यालय गाठलं. प्लंबरच्या खांद्यावर पान्यांची पिशवी होती, कारण तिथून त्याला कामावर जायचं होतं. आजींनी इस्त्रीची साडी नेसली होती. गणिताच्या बाई सोबत आल्या, पण त्यांचा पाय वर जायला धजेना. त्या खालीच थांबल्या.

"अतिरिक्त कर्मचारी हजर आहेत," मी लिपिकाला सांगितलं. "नेमणुका द्या."

त्याने मान वर न करता पहिल्याला विचारलं, "हुद्दा?"

"बाप," प्लंबर म्हणाला.

आता मान वर आली. "हुद्दा विचारतोय मी."

"तोच सांगतोय."

"माझा आजी लिहा," आजी पुढे सरकून म्हणाल्या. "आणि बदली जवळ कुठेतरी द्या, माझे गुडघे दुखतात."

मागे रांगेत हशा पिकला. तपासनीस साहेब धावत आले, आम्हाला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पाठोपाठ आतल्या खोलीचं दार उघडून संचालक मॅडम बाहेर आल्या. त्यांच्यामागे कंपनीचा माणूस होता, करारावर सह्या करायला आलेला.

"काय चाललंय हे?"

मी आदेश त्यांच्यापुढे धरला. "तुमच्या आदेशाचं पालन, मॅडम. हे आमचे जास्तीचे कर्मचारी. पगार कुणालाच नाही. साहेबांनी फक्त विचारायचं राहून गेलं."

मॅडमनी साहेबांकडे पाहिलं. साहेब स्वतःच्या बुटांकडे पाहत होते.

मध्येच कंपनीचा माणूस बोलला. "एक मिनिट. पगार नाही, तर ही माणसं आमच्याकडेच राहू द्या. आत्ताच्याच खर्चात शाळा चालेल असं आम्हाला सांगितलंय."

"आम्ही मुलांसाठी येतो," जुळ्यांची आई शांतपणे म्हणाली. "तुम्ही फायद्यासाठी येणार. तुमच्याकडे फुकट कशाला राबू?"

"मग नळ कोण बघणार?"

"बोलवा की मला," प्लंबर म्हणाला. "माझा दर सांगतो."

त्या माणसाने बॅग बंद केली. त्याला वरिष्ठांशी बोलायचं होतं, तो निघाला, आणि त्याच्या जिन्यातल्या पावलांवरूनच मला कळलं की तो परत येणार नाही.

मॅडमनी मला आत बोलावलं. त्या म्हणाल्या, आदेश मागे घेते, झालं? चांगल्या बाई असाव्यात, थकलेल्या दिसत होत्या. दुसरी कुणी असती तर उठली असती. मी खुर्चीत आणखी मागे टेकले.

"नाही झालं. सात माणसं वजा करून शाळेकडे पुन्हा बघा. सहा वर्ग, चार शिक्षक. तुमच्याच नियमाने दोन शिक्षक कमी आहेत. ते द्या. आणि सगळं आत्ता, लेखी."

त्यांनी आदेश पुढे ओढून पुन्हा एकदा वाचला. मग लिपिकाला हाक मारून त्यांनी दोन्ही कागद टंकायला सांगितले, त्यांवर सह्या केल्या, आणि शाई वाळायच्या आत मी ते उचलले.

बाहेर सातही जण उभेच होते. "आमचं काय झालं, बाई?" आजींनी विचारलं.

"नेमणूक मिळाली," म्हटलं. "आपल्याच शाळेत."

प्लंबरने मला धड जिना उतरू दिला नाही. माझ्या हातातले कागद घेऊन तोच दोन-दोन पायऱ्या उतरत पुढे धावला. खाली गणिताच्या बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी पहिला कागद वाचला. मग दुसरा वाचला, आणि पुन्हा पहिला.

"म्हणजे मी आहे?"

"तुम्ही आहात," मी म्हटलं, "आणि तुमच्यानंतर आणखी दोघं येताहेत. आता तुम्ही नव्या राहिला नाहीत."

त्या भर फाटकात माझ्या गळ्यात पडल्या. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत, मला वाटलं. रोज इथून माणसं तोंड पाडून बाहेर पडतात. आज आम्ही नऊ जण हसत निघालो होतो.